सहा बोल्ट

खूप जुनी गोष्ट आहे. होड्यांना यंत्रं लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. खाडीच्या काठी एका गावात एक कोळी राहत होता. त्याचे हात बळकट होते, पण मन एका जागी ठरत नसे.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळाभर समुद्र बंद असे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की प्रत्येकाने त्याच दिवशी आपल्या ठरलेल्या जागी जाळं लावायचं. सूर्य मावळेपर्यंत जी जागा रिकामी राहील, ती वर्षभर दुसऱ्याची. कोळ्याची जागा आजोबांपासूनची होती, खडकाच्या आडोशाची, भरपूर मासळीची.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते आणि त्याचं यंत्र निकामी पडलं होतं. शीड तर त्याने यंत्र घेतानाच विकून टाकलं होतं. यंत्राचा पाण्यात बुडणारा पाय, ज्याच्या टोकाला पंखा असतो, तो खडकावर आपटून फुटला होता.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या अंगणात एक जुनं यंत्र पडून होतं. खाऱ्या पाण्याने त्याचं सगळं खाल्लं होतं, पण पाय शाबूत होता. तो सहा बोल्टांनी धरलेला होता.

"पाय घेऊन जा," मिस्त्री म्हणाला. "पण बोल्ट मिठाने धरलेत. तेल सोड आणि दोन दिवस थांब."

"दोन दिवस? बाबा, माझ्याकडे चारच आहेत."

"म्हणून तर सांगतो."

मिस्त्री तेल आणायला घरात गेला. कोळ्याला तेवढाही धीर निघेना. त्याने पान्याला लांब नळी लावली आणि जाळं ओढतात तसा सगळ्या अंगाने ओढ दिली. कट् असा आवाज झाला. त्याला वाटलं, सुटला. म्हणून त्याने लगेच दुसऱ्यालाही तशीच ओढ दिली.

मिस्त्री बाहेर आला तेव्हा जमिनीवर बोल्टांची दोन डोकी पडली होती. बुडखे आत पायातच राहिले होते.

"तुझ्या हातांना ओढायचं ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला, "सोडवायचं नाही."

"चार बोल्टांवर नाही चालणार?"

"खाडीत चालेल. समुद्रात पाय गळून पडेल."

मग मिस्त्रीने उरलेल्या चारांवरचं मीठ खरवडलं, तेल सोडलं, शेगडीवर तापवलेलं लोखंड टेकवलं, हातोडीने हलकेच ठोकलं. कोळी अंगणात येरझारा घालत होता. घडीघडीला वाकून पाहायचा आणि विचारायचा, "मुरलं का तेल?"

त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "लोणचं मुरतंय म्हणून रोज बरणी उघडून बसलं, तर बुरशीच येते. बसा गपचूप."

तो बसला, पण पाय हलतच राहिले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मिस्त्रीने पाना त्याच्या हातात दिला. "आधी केसभर आवळ. मग केसभर सोड. पुन्हा आवळ."

"सोडवायचा बोल्ट आवळू?"

"अडकलेल्याला आधी मागे जायला जागा द्यावी लागते."

कोळ्याने तसं केलं. पांढरी भुकटी गळाली आणि एकामागून एक चारही बोल्ट निघाले. कोळी हसला. पौर्णिमेला अजून दोन दिवस होते.

पण दोन बुडखे राहिले होते. त्यांना धरायला डोकंच नव्हतं. हातगिरमिटाने ते कणाकणाने पोखरून काढावे लागणार होते. जोर केला तर पायच चिरला असता. मिस्त्री दमला की कोळी फिरवी, कोळी दमला की मिस्त्री.

पौर्णिमेला पहिला बुडखा निघाला तेव्हा किनाऱ्यावर ढोल वाजत होते. होड्या एकेक करून समुद्रात गेल्या. कोळी गिरमिट फिरवत राहिला. दुसरा बुडखा अर्धा पोखरला आणि सूर्य मावळला.

दुसऱ्या दिवशी बुडखा निघाला, पाय यंत्राला बसला आणि दुपारी तो होडी घेऊन खडकापाशी पोचला. तिथे शेजाऱ्याचं जाळं लागलं होतं.

"दादा, काय करू, रीतच आहे," शेजारी खाली बघून म्हणाला.

कोळ्याने होडी वळवली. ते वर्ष त्याने गाळाच्या जागी काढलं. मोडलेली दोन डोकी त्याने होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधून ठेवली. पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या महिनाभर आधीच त्याने आपल्या यंत्राच्या प्रत्येक बोल्टला तेल सोडलं, आणि थांबला.

घाईने जे मोडतं, तेच सगळ्यांत उशिरा सुटतं.