वास लावलेली पानं

माणसानं कागद करायच्याही आधी एका जंगलातलं सारं शहाणपण झाडांच्या पानांवर कोरलेलं असे. ती पानं साळिंदरकाका एका गुहेत सांभाळत. येईल ते पान ढिगावर टाकत आणि म्हणत, "कुठं काय आहे, सगळं माझ्या डोक्यात आहे."

"म्हणजे काका, तुम्ही झोपलात की सगळं जंगल अडाणी!" चिंगी मुंगी एकदा म्हणाली. "त्यापेक्षा आम्ही प्रत्येक पान वाचून त्याला वास लावतो. पान कुणाबद्दल आहे त्याचा एक, कशाबद्दल आहे त्याचा दुसरा."

"पानाला अत्तर? लग्नाला निघालंय का ते?" काका हसले. मुंग्या थांबल्या नाहीत. जुन्या ढिगातल्या पानांनाही त्यांनी वास लावून टाकले.

एके सकाळी हरिणी धावत आली. तिच्या मागून आलेलं पाडस दारातच कोसळलं. "काका, यानं विषारी फळ खाल्लंय! उतारा सांगा!"

काका ढीग उपसू लागले. पान होतं, पण कुठं होतं? पाडसाचे डोळे मिटत चालले.

"हरणाचा वास आणि विषाचा वास, दोन्ही असलेलं पान!" चिंगी ओरडली. मुंग्यांची रांग वासामागे सुटली आणि बघता बघता ते पान डोक्यावर घेऊन परतली. त्यावर सांगितलेला पाला हरिणीनं आणला, पाडसानं तो चघळला आणि ते उठून उभं राहिलं. जंगल आनंदानं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी खुद्द वाघ नवं पान घेऊन आला. साळिंदरकाका काटे फुलवून दारात आडवे झाले.

"महाराज, आधी वास, मग आत!"