तांबोऱ्याचा बसलेला नारायण

तांबोऱ्याच्या नारायणाच्या देवळात पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. गाभाऱ्याचा दरवाजा उंच आहे, मूर्तीमागची दगडी प्रभावळ त्याहून उंच आहे, आणि तिच्याखाली देव मांडी घालून बसला आहे. प्रभावळीची वरची अर्धी कमान रिकामीच राहते. लहान मुलाने वडिलांचा अंगरखा घालावा तसे ते दिसते. देवाची मानही खाली आहे. चेहरा बघायचा तर आपल्याला जमिनीवर बसून वाकावे लागते.

आमच्या गावचे हरबा गुरव पाहुण्यांना आधी खाली बसवतात आणि मग सांगतात.

देऊळ बांधले ते पाटलांनी. कोणत्या पिढीतले पाटील, ते आता कोणाला ठाऊक नाही. नाव भगवंतराव होते म्हणे. त्यांच्या सुनेला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. ती सुखरूप सुटावी म्हणून भगवंतराव नवस बोलले की नारायणाचे देऊळ बांधीन, आणि त्यात देव उभा राहीपर्यंत या आवारात कोणी बसणार नाही.

"नवस पाटलांचा, पाय दुसऱ्यांचे," हरबा इथे म्हणतात. पाहुणे हसतात. हरबा हसत नाहीत.

बांबूच्या परांचीवर चुन्याच्या पाट्या वाहायला गावातल्याच बाया होत्या. भिवरा त्यांतली एक. तीही पोटुशी होती, सातवा महिना होता. भाकरी उभ्याने खायची, पाणी उभ्याने प्यायचे. एखादी नुसती दगडाला टेकली तरी मुकादम लांबून ओरडायचा. बाया पाट्यांआडून त्याची थट्टा करत.

"मुकादमाच्या पोटाला वरवंटा बांधा गं, मग चढू दे त्याला परांचीवर," एक म्हणायची.

"बांधायला कशाला पायजे? आयतंच पोट हाय की त्याला!" दुसरी म्हणायची.

तेवढ्यापुरते सगळ्यांना बरे वाटायचे.

एका दुपारी भिवराने पाटी खाली ठेवली. "मुकादम, घटकाभर बसते. पोटात कळ येतीया."

मुकादम ओरडला नाही. उलट हळू आवाजात म्हणाला, "बस की. पण नवस मोडला आन् पाटलांच्या सूनबाईंचं काही वाईट झालं, तर कुणाच्या माथी येईल? तू बी पोटुशी हायेस. दुसरीच्या लेकराचं वाटोळं करशील?"

भिवराने आजूबाजूला पाहिले. थट्टा करणाऱ्या बायांनी आपापल्या पाट्या उचलल्या. गावातली काही माणसे शिखराचे काम बघायला आली होती. त्यांतला एक म्हणाला, "देवाचं काम हाय. देव बघून घेईल." बाकीचे पुन्हा वर शिखराकडे बघू लागले. भिवराने पुन्हा पाटी डोक्यावर घेतली.

ऊन कलताना ती परांचीखाली कोसळू लागली. दोन बाया धावल्या आणि त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरले.

इथे हरबांचा आवाज खाली येतो. त्या बायांनी तिला बसवले नाही, असे सांगतात. ती बसू नये म्हणून धरले. तिला उचलून आवाराबाहेर न्यावे हे कोणालाच सुचले नाही असेही नाही. सुचले होते. पण जो तो मुकादमाच्या तोंडाकडे बघत राहिला. भिवरा उभ्यानेच बाळंत झाली. मूल रडले नाही.

पाटलांची सून पुढे सुखरूप सुटली. मुलगा झाला. देऊळ पुरे झाले, देव उभा राहिला, गावजेवण झाले. भिवराच्या दारात कोणी बोलावणे घेऊन गेले नाही, आणि पंगतीत तिचे नावही कोणी काढले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हाच्या गुरवाने दार उघडले, तर देव बसलेला.

गाव जमले. भगवंतराव धावत आले आणि बघतच राहिले. देव कोपला म्हणून काहीजण रडू लागले. कशाने कोपला, ते मात्र कोणाला विचारावे लागले नाही. भगवंतरावांनी लुगडे-चोळीचे ताट करवले आणि भिवराला बोलावून घेतले.

ती आली. ताटाकडे तिने पाहिलेही नाही. सरळ गाभाऱ्यात गेली आणि देवासमोर फरशीवर बसली. त्या आवारात ती पहिल्यांदाच बसत होती. पाटील उभे होते, मुकादम उभा होता, सगळ्या बाया उभ्या होत्या. भिवरा देवाला म्हणाली, "आत्ता बसलास व्हय? मला बसायचं होतं तवा का न्हाई बसलास?"

तेव्हा देवाची मान खाली गेली म्हणे. गावाचीही गेली. देवाची दगडात राहिली म्हणून ती अजून दिसते, असे हरबा म्हणतात.

भिवरा उठू लागली. त्याच दोन बाया पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या दंडांकडे हात नेले. "हात लावू नका," ती म्हणाली. चौकटीला धरून ती एकटीच उठली आणि गाव सोडून गेली. तिचा पुढे पत्ता लागला नाही. पाटलांनी माणसे पाठवली होती म्हणतात. ती सापडली असती तर तिला काय सांगणार होते, ते कोणी सांगत नाही.

आजही तांबोऱ्यात घराचे असो, विहिरीचे असो, कोणतेही काम काढले की आधी सावलीत बसायची जागा करतात आणि मगच पहिली पाटी उचलतात. बसलेल्याला "का बसलास" असे मालकाने विचारायचे नाही. सबंध गाव आरतीही बसूनच म्हणते.

आणि आजही आमच्याकडे बाईला उठवताना कोणी तिच्या दंडाला धरत नाही. ती म्हातारी असो, आजारी असो, पायरीवर घसरून पडलेली असो. बाहेरून आलेल्यांना हा तुसडेपणा वाटतो. पण आपला हात पुढे करायचा, खाली बघायचे आणि थांबायचे, अशी इथली रीत आहे. तिने धरला तर धरला.