कुंभारवाड्यातून गेलेली रेघ

"...पण रस्ता गावाच्या सोयीचाच असेल, तर तो कुठून आला हे कशाला उगाळायचं, बुवा?"

दिनानाथ अंबर्डेकरने विचारलं. धामणवेल नगरपरिषदेचा तो नगररचनाकार. त्याने आखलेला गावाचा आराखडा जिल्ह्यात नावाजला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

केवळबुवा मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सकाळचं धुकं नदीवरून वर चढत होतं. पलीकडचं गाव दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते.

"कुठून आला?" बुवांनी विचारलं.

दिनानाथने काखेतला नकाशा चटईवर पसरला. कागद जुना, पिवळा पडलेला. कुंभारवाड्यातून एक काळपट रेघ सरळ गेली होती.

"ही मी जुनी पाणंद समजलो. कुंभारांनी घरं बांधून वाट बळकावली, असं लिहून दिलं, आणि हिच्यावरूनच रस्ता आखला. गेल्या आठवड्यात दप्तरात याच नकाशाची दुसरी प्रत सापडली. तिच्यावर ही रेघ नाही."

"मग ही कसली?"

"घडीची," दिनानाथ खाली बघत म्हणाला. "कागद वर्षानुवर्षं दुमडून ठेवलेला. घडीत धूळ बसली."

बुवा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं दिनानाथला वाटलं.

उद्या सर्वसाधारण सभा होती. रस्त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली होती. दोन्ही बाजूंची राहती जागा व्यापारी करण्याचा ठरावही तयार होता, आणि होऊ घातलेल्या दुकानांवर अर्धं गाव डोळा ठेवून बसलं होतं. मंजुरी मिळाली की कुंभारांची बावीस घरं पडणार होती. दिनानाथने तोंड उघडलं तर घरं वाचत होती, पण त्याचं नाव मातीत जात होतं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही... म्हणून तर झोप लागत नाही."

"मग इथं झोप."

"इथं?"

"नकाशावर. तूच वाचलास ना तो?"

एवढा शिकलेला माणूस, कागदावर झोपायचं म्हणजे त्याला कसंसंच झालं. पण बुवांचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. तो अवघडून आडवा झाला. धुकं ओसरीवर आलं. शेंगा सोलल्याचा आवाज दूर दूर गेला आणि पाच रात्रींची झोप एकदम आली.

तो रस्त्यावरून चालत होता. रस्ता पांढरा, कोरा. दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. आपल्याच पावलांचा आवाज येत नव्हता. त्याला फार बरं वाटलं. इथे कुणाची हरकत नव्हती.

मग पायांना ऊब लागली. समोर चूल होती. एक बाई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं.

"वाट चुकलात का, दादा?"

"नाही," तो म्हणाला. "रस्ता इथूनच आहे."

"असं होय..." बाईने तवा उतरवला, परात उचलली आणि अंग चोरून भिंतीला लागली. "मग जावा की."

त्याला पुढे जाववेना. मागेही फिरता येईना. बाई परात धरून उभीच होती...

जाग आली तेव्हा त्याचा गाल ओला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. धुकं विरळ झालं होतं. बुवांच्या शेंगा सोलून संपल्या होत्या.

दिनानाथ घाईघाईने उठला. नकाशाची दशा झाली होती. तो कुशीवर वळला होता तिथे एक घडी, गुडघे पोटाशी घेतले तिथे दुसरी. एक घडी नदी ओलांडून गेली होती, एक थेट नगरपरिषदेच्या इमारतीतून. तो तळहाताने घासून कागद सपाट करू लागला. घड्या जाईनात.

"उद्या सभेत मी हे सांगायला उभा राहिलो, बुवा... तर लोक म्हणतील, यानं आजवर काय केलं?"

बुवा नकाशावर वाकले. एकेक घडी त्यांनी बोटाने, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"एका डुलकीत एवढे रस्ते केलेस," ते म्हणाले. "आता लोकांनी राहायचं कुठं?"