थोरलीची गोधडी

फार वर्षांपूर्वी एका गोदामात दोन केबली राहत होत्या. पातळ आवरणाची धाकटी जाड आवरणाच्या थोरलीला चिडवायची, “ताई, भर उन्हाळ्यात गोधडी गं?”

धाकटीला आधी मागणी आली, एका जुन्या गिरणीतून. तिथल्या विजेला अर्थिंगच दिलेलं नव्हतं. एकदा शेजारची तार सोलवटून जमिनीला टेकली आणि धाकटीच्या आवरणावरचा विजेचा ताण एकदम वाढला.

“आता स्विच पडून वीज बंद होईल ना?” तिनं घाबरून विचारलं.

“छे! अर्थिंग नाही, त्यामुळे आपल्याकडे एखादी तार अशी जमिनीला टेकली तरी काम थांबत नाही. सोसायचं,” म्हातारी मोटर म्हणाली.

आवरणाला तडे जायची वेळ आली, तेव्हा कुठे वायरमननं धाकटीला सोडवलं. बिघाड होताच स्विच पडतो, अशा नव्या कारखान्यात तिची रवानगी झाली. गिरणीत थोरली आली.

निघताना धाकटी हळूच म्हणाली, “ताई, गोधडी नीट लपेटून घे.”