दिवाणांच्या दुधावरची साय

चिंचणगड संस्थानचे दिवाण दरबारात गरजले, "महाराज, हा बिअरचा कारखाना बंदच करा! फेसाशिवाय संस्थानाला त्यातून मिळतं काय? मी तर थेंबही घेत नाही."

कारखान्याची मालकीण भिवराबाई म्हणाली, "आठ दिवस बंद ठेवते. मग ठरवा."

पाचव्या दिवशी दिवाण भर दरबारात आपल्या गवळ्यावर उखडले, "दुधावर साय का नाही? पाणी घालतोस?"

गवळ्याने हात जोडले. "सरकार, म्हशी कारखान्यात बिअर गाळून उरलेला जवाचा चोथा खायच्या. तो थांबला, आता साय कुठून आणू?"

भिवराबाई हसली. "शेतकरी, गाडीवान, सुतार माझ्या कारखान्यावर जगतातच. पण दिवाणसाहेब, थेंबही न घेता त्यावर बाळसं धरलंत ते तुम्हीच!"

महाराज पोट धरून हसले. त्याच दुपारी भट्टी पेटली, आणि काडी ओढायला दिवाणांनाच पाठवलं.