पहिल्या हाकेला ओ

डोहवाडीच्या घाटावर कोणाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही. मृणालला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नवरा आणि लेक ईरा यांच्यासह ती दिवसभरासाठी नदीकाठी आली होती. ती पाण्याचे फोटो काढण्यात दंग, आणि मागे ईरा "आई, ए आई" करून घसा कोरडा करत होती.

"पोरीला ओ द्या आधी, बाई," काठाला नाव बांधत असलेले म्हातारे गेनूअण्णा करड्या आवाजात म्हणाले. "ह्या घाटावर हाक वाया जाऊ देत न्हाईत." मग पायरीवर बसून त्यांनी कारण सांगितले.

फार पूर्वी इथे जोत्या नावाडी होता. तेव्हाची रीत उलटी होती, असे सांगतात. तिन्हीसांजेला पाण्यावरून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचे. डोहातल्या आसरा, म्हणजे जलदेवता, दोनदाच बोलावतात आणि ओ देणाऱ्याला ओढून नेतात, असा समज होता. एका नागपंचमीला जोत्याची लेक चंद्रा माहेराला निघाली. पैलतीराला पोचेपर्यंत सांज झाली, नदी फुगत चाललेली. "आबा!" तिने हाक मारली. जोत्याने आवाज ओळखला. पण आसराही ओळखीचाच आवाज काढतात म्हणे. दुसरी हाक आली. नावेच्या दोरावर हात ठेवून तो तिसरीची वाट पाहत राहिला.

तिसरी आलीच नाही. पाण्याच्या आवाजात बापाला तिसरीही ऐकू जाणार नाही असे समजून लेक नेहमी पायी ओलांडायच्या उतारावरून पाण्यात शिरली होती. ती सापडली नाही. सकाळी बाभळीला अडकलेले बोचके तेवढे मिळाले. त्यात बापासाठी आणलेल्या लाह्या होत्या, भिजून लगदा झालेल्या.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जोत्याने शपथ घेतली, "हाक लेकीची असू दे, न्हाईतर आसरांची. पयल्या हाकंला मी ओ दीन. न्यायचं तर न्या मला." जन्मभर त्याने ते पाळले. आसरांनी त्याला कधीच नेले नाही, आणि तेच त्याला सोसवले नाही म्हणे.

गेनूअण्णा थांबले. तेवढ्यात वरच्या पायरीवरून "आई" ऐकू आले, आणि मान वळायच्या आधीच मृणालच्या तोंडून निघाले, "ओ!"

आजही तिन्हीसांजेला पैलतीरावरून कोणाचीही हाक आली, की हातातले काम टाकून अवघा घाट ओ देतो. नागपंचमीला मात्र हाक आली नाही तरी देतो.