छातीवरची टिचकी

खापरवाडीत मडके घ्यायला आलात, की एक गोष्ट लगेच लक्षात येईल. इथला कुंभार मडक्यावर टिचकी मारतो, कान देऊन नाद ऐकतो आणि मग आपल्याच छातीवर टिचकी मारतो. पाहुणे हसतात. आम्हीही हसतो, पण टिचकी चुकवत नाही.

याची सुरुवात रखमाजी कुंभारापासून झाली, असे सांगतात. नवरात्रात जाखाईच्या देवळात घट देण्याचा मान त्याच्या घराण्याचा, सात पिढ्यांचा. एका वर्षी मडकी भाजायचा आवा जास्त तापला आणि सगळी तडकली. एकच देखणे मडके उरले, पण त्याच्याही बुडाशी केसाएवढी चीर होती. मान जाईल या भीतीने रखमाजीने चिरेत लाख भरली, वरून गेरू फासला.

त्याची बायको तान्हूबाई म्हणाली, "गावाला नाही दिसायची हो. पण तुम्ही नऊ दिवस देवीसमोर बसणार कसे?"



देवळात त्याने रीतीप्रमाणे घटावर टिचकी मारली. ढोल-ताशांत कुणालाच काही ऐकू आले नाही, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग रखमाजीचा हात आपोआप छातीकडे वळला. टिचकी मारली, तर आतून भद्द असा आवाज आला म्हणे.

त्याने ढोल थांबवले आणि सगळ्यांदेखत नखाने लाख खरवडली. "घट तडकलेला आहे. मी चीर लपवली."

तेवढ्यात मागून म्हातारा कोंडाजी कुंभार ओरडला, "मग माझं मडकं घ्या की! वाकडं आहे, पण दिसतं तेवढंच वाकडं!"

सगळे खदखदून हसले. रखमाजीही. त्याने कोंडाजीचे मडके स्वतःच्या डोक्यावरून आणून देवीपुढे बसवले. पुन्हा छातीवर टिचकी मारली, तेव्हा असा खणखणीत नाद निघाला, की वरची घंटा हात न लावता घुमली, असे सांगतात. गावाने त्याचा मान काढला नाही. दरवर्षी आलेले घट पारखायचे काम त्याच्याच घराकडे दिले.

आजही जाखाईचा घट थोडा वाकडाच घडवतात. आजही कुंभार पहाटे चाकावर बसण्याआधी, कुणी बघत नसताना, छातीवर टिचकी मारून ऐकतो. मीही ऐकतो. रोज नाद खणखणीत येतो असे नाही.

आणि दादा, तुम्ही उचललेले ते मडके खाली ठेवा. बुडाला भाजणी कमी पडली आहे. थांबा, दुसरे देतो.